न वाचलेली तीन अक्षरे

वाचकहो, माझा व्यवसाय भाषांतराचा. इंग्रजीतून किंवा हिंदीतून आलेला मजकूर मराठीत उतरवावयाचा, इतरांनी उतरवलेला तपासावयाचा, शंका आली की कोश उघडावयाचा आणि अर्थ न कळलेला एकही शब्द छापखान्याकडे जाऊ द्यावयाचा नाही, हा माझा दिल्लीतील रोजचा उद्योग. बी.ए.ला इंग्रजी वाङ्मय घेतले होते. पुढे या कामात बारा वर्षे गेली. एवढ्यावर मनुष्याला आपण कोणताही कागद वाचू शकतो असे वाटू लागते. मलाही वाटत असे. २०२२ च्या होळीला काशीत एका साध्या कागदाने तो समज खोटा ठरवला. त्याची किंमत मात्र मला नव्हे, माझ्या आत्याला द्यावी लागली.

आत्याचे सासर काशीत दुर्गाघाटाजवळच्या एका गल्लीत. पेशवाईच्या काळापासून गंगेच्या त्या काठावर मराठी घरे नांदत आली आहेत, हे आपणांपैकी यात्रा करून आलेल्यांना ठाऊक असेलच. चाळीस वर्षांच्या वास्तव्याने आत्याच्या मराठीत तिकडची हिंदी इतकी मुरली होती की, पित्तखड्यांना ती 'पथरी' म्हणे आणि पित्ताशयाला 'थैली'. त्या वर्षीच्या जानेवारीत तिची थैली काढण्याची शस्त्रक्रिया घराजवळच्या एका नर्सिंग होममध्ये झाली होती. दुर्बिणीची शस्त्रक्रिया, दोन दिवसांत ती घरी आली, आणि होळीला मी पोहोचलो तेव्हा पुरणपोळ्या लाटीत बसली होती. वय अठ्ठावन्न, अंगाने काटक, कोणाचे ऐकून घेण्याची सवय नाही.

जेवणे झाल्यावर तिने फडताळातून एक लहान बाटली काढून माझ्या कानाशी खुळखुळवली. आत अकरा खडे होते. नर्सिंग होममधून ते हौसेने देतात आणि लोक हौसेने आणतात. "बघ, एवढी दौलत पोटात घेऊन फिरत होते मी," ती म्हणाली. मग तिने डिस्चार्ज कार्ड पुढे केले. "तू दिवसभर इंग्रजीचं मराठी करतोस ना? मग हे वाच. या घरात कुणी नीट सांगत नाही."

मी वाचले. तळलेले खाऊ नये, जड उचलू नये, टाके अमुक तारखेस काढावेत, दुखल्यास अमुक गोळी. शेवटच्या ओळीत, घाईच्या अक्षरात, 'एच.पी.ई.' अशी तीन अक्षरे होती आणि त्यांच्यापुढे सात दिवसांनी नेण्याविषयी काही लिहिले होते. त्यांचा अर्थ मला ठाऊक नव्हता. कोश जवळ नव्हता हे खरे. पण दूरध्वनी खिशात होता आणि विचारावयास डॉक्टरही गल्लीच्या तोंडाशी होता. "खाली त्यांच्या ऑफिसची काहीतरी नोंद आहे," असे मी आत्याला सांगितले आणि कार्ड घडी करून परत दिले. कार्यालयात असा शब्द माझ्या हाताखालच्या माणसाने गाळला असता, तर मी त्याला चांगले फैलावर घेतले असते.

एच.पी.ई. म्हणजे हिस्टोपॅथॉलॉजिकल एक्झामिनेशन. शरीरातून काढलेला भाग पातळ चकत्या करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावयाचा आणि त्यातील पेशी कशा आहेत हे लेखी कळवावयाचे, ही ती तपासणी. खडे झालेल्या पित्ताशयांपैकी बहुतेकांत सुजेखेरीज काही निघत नाही. शंभरांत एखाद्या वेळी मात्र खड्यांच्या आडोशाला कर्करोग लपलेला सापडतो. आधी सोनोग्राफीत तो दिसलेला नसतो, शस्त्रक्रियेच्या वेळी सर्जनच्या डोळ्यांनाही दिसत नाही. दिसतो तो फक्त त्या चकतीत. म्हणून काढलेले प्रत्येक पित्ताशय, कितीही निरोगी भासले तरी, तपासणीस पाठवावे असा वैद्यकाचा दंडक आहे.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आतेभावाचा, म्हणजे दादाचा, फोन आला. आत्याचे डोळे पिवळे झाले होते, अंगाला कंड सुटली होती, लघवी चहासारखी काळपट होत होती. गल्लीत दोघातिघांना कावीळ झालेली असल्यामुळे पहिले दहा दिवस झाडपाल्यात गेले. नंतर सोनोग्राफी झाली. सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी एकच प्रश्न विचारला: "जानेवारीतल्या पिशवीचा रिपोर्ट कुठे आहे?" दादा नर्सिंग होममध्ये गेला. तेथे रिपोर्ट नव्हता. रस्त्यापलीकडच्या लॅबमध्ये गेला. तेथील मुलाने टेबलाचा खालचा खण ओढून, न नेलेल्या रिपोर्टांच्या गठ्ठ्यातून तो काढून दिला. तारीख जानेवारीची. पित्ताशयात कर्करोग असून तो स्नायूंच्या थरापलीकडे पोहोचला आहे, असे त्यात स्वच्छ टंकलिखित केलेले होते.

पाच महिने तो कागद घरापासून पाऊण मैलावर पडून होता.

आता आपण विचाराल, यात दोष कोणाचा? दादाने आणि मी रागाच्या भरात पुष्कळ नावे घेतली. राग ओसरल्यावर एकेकाचे काम तपासू लागलो तेव्हा मात्र अडचण झाली. सर्जनने शस्त्रक्रिया उत्तम केली होती आणि पिशवी तपासणीला पाठवली होती. पुष्कळ ठिकाणी तेही होत नाही. पिशवी फॉर्मलिनच्या बाटलीत घालून दादाच्याच हाती दिली होती, कारण नर्सिंग होमची स्वतःची लॅब नव्हती. दादाने ती पोहोचवली, पैसे भरले, पावती घेतली. लॅबने आठवड्यात अचूक निदान केले. कार्डावर सूचनाही लिहिली होती. प्रत्येकाने आपापले काम केले. फक्त तयार रिपोर्ट लॅबमधून सर्जनकडे आणि सर्जनकडून रुग्णाकडे नेणे हे कोणाचेच काम नव्हते. आपल्याकडील कित्येक रुग्णालयांचा निरोप्या म्हणजे हातात बाटली घेऊन धावणारा नातेवाईक. त्याला निरोपाचा अर्थ ठाऊक नसतो. टाके काढावयाच्या दिवशी सर्जन गावी गेले होते, टाके कंपाउंडरने काढले, आणि रिपोर्ट विचारणारा एकमेव मनुष्य त्या दिवशी जागेवर नव्हता.

या रोगाच्या बाबतीत ही ढिलाई विशेष महागात का पडते, हे थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे. यकृतात तयार होणारे पित्त बारीक नलिकांतून एका मुख्य नलिकेत येते आणि आतड्यात उतरते. वाटेत बाजूला पित्ताशयाची लहानशी पिशवी असते. पिशवी आणि या नलिका, दोहोंपैकी कोठेही होणारा कर्करोग 'पित्तमार्गाचा कर्करोग' या एकाच नावाखाली येतो. जगात तो विरळ समजला जातो. परंतु गंगेच्या मैदानात, उत्तर प्रदेश, बिहार, बंगालपासून आसामपर्यंत, पित्ताशयाचा कर्करोग दक्षिण भारताच्या मानाने कितीतरी अधिक आढळतो, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक. दक्षिण अमेरिकेतील चिली देशाचीही अशीच ख्याती आहे. कारणे अनेक सांगितली जातात, त्यांत खडे हे प्रमुख. तरी खडे असणाऱ्या बहुसंख्य लोकांना हा रोग कधीच होत नाही, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे आणि निष्कारण भिऊ नये.

सुरुवातीला याचे लक्षण असे काही नसते. कावीळ दिसू लागते तोवर गाठीने नलिका दाबलेली असते. म्हणून योगायोगाने, खड्यांसाठी काढलेल्या पिशवीत हा रोग लवकर सापडणे ही रुग्णाला मिळालेली मोठी संधीच असते. रोग अगदी वरच्या थरात असेल तर पिशवी काढली एवढ्यावर भागते. खोलवर गेला असेल तर काही आठवड्यांच्या आत दुसरी शस्त्रक्रिया करून यकृताचा पिशवीला चिकटलेला भाग आणि भोवतालच्या लसिकाग्रंथी काढावयाच्या असतात, आणि त्यानंतर केमोथेरपी. ही दुसरी शस्त्रक्रिया गल्लीतल्या नर्सिंग होममध्ये होत नाही. तिला यकृताच्या शस्त्रक्रियेचा सराव असलेले सर्जन, रक्तपेढी, अतिदक्षता विभाग अशी सर्व सिद्धता लागते. तात्पर्य, रोग सापडतो एका ठिकाणी आणि बरा होण्याची सोय असते दुसऱ्या ठिकाणी.

पित्ताशय पहिल्यांदा काढले ते १८८२ साली बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख यांनी. दुर्बिणीतून ते काढण्याची रीत आपल्या देशात १९९० साली मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उदवाडिया यांनी आणली, आणि तीस वर्षांत ती तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचली. ही प्रगतीच. पण शस्त्रक्रिया इतकी सोपी झाली की काढलेली पिशवी म्हणजे फेकून देण्याजोगी वस्तू, असा समज लोकांत आणि कधीकधी डॉक्टरांतही रुजला. दुर्बीण जितक्या गावी गेली, तितक्या गावी सूक्ष्मदर्शक गेला नाही.

असो. जूनकडे परत येतो.

कावीळ उतरवण्यासाठी गाठीतून नळी घालून पित्ताला वाट करून द्यावी लागते. तिला 'स्टेंट' म्हणतात. दादाने आत्याला ज्या खासगी रुग्णालयात नेले तेथे हे काम करणारे डॉक्टर आठवड्यातून दोन दिवस येत. दुसरे दिवशी त्यांचा वार होता, म्हणून घाईने स्टेंट घातला गेला, सी.टी. स्कॅन आठवड्याने झाला. आम्हांला वाटले, काम भराभर होत आहे. पुढे मोठ्या कर्करोग रुग्णालयात गेलो तेव्हा तेथील सर्जन चित्रे प्रकाशाला धरून बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "स्कॅन आधी आणि नळी नंतर, असे हवे होते." नळी घातली की भोवती सूज येते, नळीची सावलीही चित्रात पडते, आणि गाठ कोठवर गेली आहे हे नीट उमगत नाही. शिवाय आत्याची गाठ यकृताच्या दारातच होती. तेथे उजवीकडची आणि डावीकडची नलिका वेगवेगळ्या अडल्या होत्या. नळी एकाच बाजूला गेली होती. दुसऱ्या बाजूचे पित्त साचून तिला थंडी वाजून ताप भरू लागला.

वाचकहो, स्टेंट घालणाऱ्या डॉक्टरांचा हात वाईट नव्हता. त्यांना रुग्णाचा पुढचा मार्ग कोणी सांगितला नव्हता, आणि पुढच्या डॉक्टरांना मागचा कोणी विचारला नव्हता. पित्तमार्गाच्या कर्करोगात सर्जन, स्टेंट घालणारे, स्कॅन वाचणारे, केमोथेरपी देणारे आणि वेदना शमवणारे अशी पाच-सहा माणसे लागतात, आणि कोणी आधी हात लावावयाचा हे ठरवण्यात अर्धा उपचार असतो. चांगल्या केंद्रांतून ही सारी मंडळी आठवड्याच्या ठराविक दिवशी एका खोलीत बसतात आणि प्रत्येक रुग्णाचे कागद समोर ठेवून एकमताने मार्ग ठरवतात. त्या बैठकीला 'ट्यूमर बोर्ड' असे नाव आहे. आत्याचे नाव त्या बैठकीत यावयास तिच्या पहिल्या शस्त्रक्रियेपासून पावणेसहा महिने लागले. बैठकीने सांगितले की, शस्त्रक्रियेची वेळ निघून गेली आहे. त्वचेतून दुसरी नळी घालून कावीळ उतरवावी आणि मग केमोथेरपी द्यावी.

तिच्या रक्तातील बिलिरुबिन १८ होते. निरोगी माणसात ते १ च्या आसपास असते. ते खाली आल्यावाचून केमोथेरपीची औषधे देता येत नाहीत. म्हणजे औषध कपाटात असूनही रुग्णाला मिळत नाही. या पाच आठवड्यांत मला कळले की, या रोगाचे कित्येक रुग्ण औषधापर्यंत पोहोचतच नाहीत. नळी तुंबते, ताप येतो, तारीख चुकते, पुढची तारीख तीन आठवड्यांनी मिळते, तोवर अंगात त्राण उरत नाही. प्लॅस्टिकची नळी साधारण तीन महिन्यांत तुंबते आणि ती तुंबण्यापूर्वी बदलावी लागते, हे सोपे वाक्यही आम्हांला पहिल्या रुग्णालयात कोणी सांगितले नव्हते.

आणि औषध अगदीच निष्फळ आहे असेही नाही. २०१० साली दिल्लीच्या एम्स संस्थेतील डॉक्टरांनी शस्त्रक्रियेपलीकडे गेलेल्या पित्ताशयाच्या कर्करोगाच्या ८१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांना केवळ शुश्रूषा मिळाली त्यांचे मध्यम आयुर्मान साडेचार महिने आणि ज्यांना जेमसिटाबीन व ऑक्झॅलिप्लॅटिन ही औषधे मिळाली त्यांचे साडेनऊ महिने निघाले. त्याच वर्षी ब्रिटनमधील ४१० रुग्णांच्या अभ्यासात एकट्या जेमसिटाबीनने ८.१ आणि सिस्प्लॅटिनची जोड दिल्यावर ११.७ महिने असा निष्कर्ष आला. त्यानंतर २०२२ पासून रोगप्रतिकारशक्ती जागवणारे नवे औषधही या दोहोंच्या जोडीला आले. ते फार महाग आहे. पाच महिने म्हणजे किती, असे कोणी म्हणेल. आत्याच्या बाबतीत त्या महिन्यांत नातीची मुंज नव्हे, पण नातवाची झाली, आणि त्या दिवशी मातृभोजनाला ती पाटावर बसून होती.

केमोथेरपी ऑगस्टमध्ये सुरू झाली. तीन आठवड्यांच्या फेऱ्यात दोनदा जावयाचे. मोठ्या रुग्णालयातील गर्दीचे वर्णन मी करीत नाही. आपण ती पाहिली असेल. पहाटे चारला रांग, एका खिडकीवर केसपेपर, दुसरीवर रक्ततपासणीचा शिक्का, तिसरीवर पैसे, मग पुन्हा पहिली. पण तेथे एक परिचारिका होत्या. केरळच्या असाव्यात; हिंदी अडखळत बोलत. त्यांच्याजवळ एक लांबट वही होती. पित्तमार्गाच्या प्रत्येक रुग्णाचे नाव, नळी केव्हा घातली, केव्हा बदलावयाची, पुढची फेरी कधी, घरचा दूरध्वनी, असे रकाने त्यांनी स्वतः आखले होते. रुग्ण तारखेला आला नाही की दुसऱ्या दिवशी त्या फोन करीत. "ताप आला तर वाट पाहू नका, रात्री असेल तरी या," एवढे वाक्य त्यांनी आमच्या वहिनीकडून तीन वेळा म्हणवून घेतले. ऑक्टोबरमध्ये आत्याला रात्री हुडहुडी भरली तेव्हा वहिनीने कोणाला विचारले नाही, रिक्षा बोलावली. डॉक्टर म्हणाले, सकाळपर्यंत थांबला असता तर रक्तात विष भिनले असते. त्या रुग्णालयात यंत्रे कोट्यवधींची होती. माझ्या आत्याला त्या रात्री उपयोगी पडली ती वही.

हे माझ्या एकट्याच्या अनुभवावरून बोलतो असे नाही. नेदरलँड्समध्ये देशभरच्या कर्करोगाच्या नोंदी ठेवल्या जातात. अन्ननलिका, जठर आणि स्वादुपिंड यांच्या कर्करोगांविषयी तेथील संशोधकांना असे आढळले की, रोग सारखाच असूनही रोगनिदान कोणत्या रुग्णालयात झाले यावर रुग्णाला बरे करणारा उपचार मिळण्याची शक्यता बदलते. शस्त्रक्रिया मोठ्या केंद्रातच व्हावयाची. पण तेथवर कोणाला पाठवावयाचे हे ठरते निदान करणाऱ्या ठिकाणी. डेन्मार्कने २००८ पासून कर्करोगाचा संशय येताच रुग्णाच्या पुढील तपासण्या ठराविक क्रमाने, ठराविक दिवसांत व्हाव्यात अशी व्यवस्था देशभर घातली. लहान देश, श्रीमंत देश; आपल्याशी तुलना बरोबरीची नाही. पण क्रम ठरवण्याला यंत्रांइतका पैसा लागत नाही.

आपल्याकडेही काही घडलेले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली उघडले आणि १९६२ साली अणुऊर्जा विभागाकडे आले. पुढे कित्येक वर्षे काशीचा, पाटण्याचा, गोरखपूरचा कर्करोगी गाडीत एक दिवसाहून अधिक काढून मुंबईला जात असे. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत हिंदी, बंगाली, भोजपुरी बोलणारी कुटुंबे महिनोन्‌महिने चुलीला चूल लावून राहिलेली मी स्वतः विद्यार्थिदशेत पाहिली आहेत. रेल्वे कर्करोग्यांना भाड्यात सवलत देते, आणि ती सवलत आवश्यक असणे हाच अंतराचा पुरावा होता. २०१८ साली काशीतच लहरतारा येथे होमी भाभा कर्करोग रुग्णालय आणि २०१९ च्या फेब्रुवारीत हिंदू विश्वविद्यालयाच्या आवारात पंडित मदनमोहन मालवीय यांच्या नावाचे कर्करोग केंद्र, अशी टाटा स्मारकाची दोन रुग्णालये सुरू झाली. २०१२ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कर्करोग जालात आज तीनशेहून अधिक केंद्रे आहेत, आणि कोठेही गेले तरी उपचाराची सूत्रे एकच असावीत हा त्याचा एक उद्देश आहे. २०१८ पासूनच आयुष्मान भारत योजनेखाली पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांची हमी आहे. अंतर कमी झाले, पैशाची थोडी सोय झाली. आत्याच्या घरापासून कर्करोगाचे रुग्णालय रिक्षाच्या अंतरावर होते. तरी तेथे पोहोचावयास तिला पाच महिने लागले, कारण रस्त्यापलीकडच्या लॅबचा खण कोणी उघडला नाही.

सर्जनना मी एकदा धीर करून विचारले, "जानेवारीतच कळले असते तर?" त्यांनी खोटे आश्वासन दिले नाही, दोषही दिला नाही. म्हणाले, "तेव्हा दुसऱ्या शस्त्रक्रियेचा विचार करता आला असता. पुढचे मी सांगू शकत नाही." मग त्यांनी मला माझा व्यवसाय विचारला. भाषांतरकार आहे असे सांगावयास माझी जीभ रेटेना.

आत्या २०२३ च्या एप्रिलमध्ये, चैत्र संपता संपता गेली. होळीच्या दिवशीचे माझे वाचन तिला आठवत होते की नाही, हे मी तिला कधीच विचारले नाही. आठवत असावे. डिसेंबरात एकदा, केमोथेरपीची सलाईन चालू असताना, तिने जवळचा एक कागद उचलून माझ्याकडे दिला आणि म्हणाली, "हे वाच. पण सगळं वाच."

तेव्हापासून कोणाच्याही घरचा डिस्चार्ज कार्डाचा कागद माझ्यापुढे आला की मी तो खालून वर वाचतो. आपणांसही माझी विनंती आहे. घरात कोणाचे पित्ताशय काढले असेल, मग ते गेल्या महिन्यात असो की चार महिन्यांपूर्वी, तर पिशवी तपासणीस गेली होती काय आणि तिचा लेखी रिपोर्ट कोठे आहे, एवढे आज संध्याकाळी विचारा. रिपोर्ट हाती आला की तो ट्रंकेत न ठेवता शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना दाखवून त्यावर त्यांची सही घ्या. कावीळ गाठीमुळे असल्याचा संशय असेल, तर नळी घालण्यापूर्वी स्कॅन होणार आहे ना, हे नम्रपणे विचारण्यात डॉक्टरांचा अपमान होत नाही; अंगात ताप भरलेला असला तर मात्र वाद घालीत बसू नये, काय आधी करावे ते त्यांनाच ठरवू द्यावे. सर्व कागद तारीखवार एका फाईलमध्ये लावा आणि ती फाईल सांभाळणारे माणूस घरात एकच नेमा. आमच्याकडे तिघे होते, आणि तिघांनाही वाटत असे की कागद दुसऱ्याजवळ आहे.

गेल्या हिवाळ्यात आमच्या वसाहतीतील एका काकूंची पथरी काढली. भेटावयास गेलो तेव्हा त्यांनीही बाटली खुळखुळवून दाखवली. सात खडे होते. मी पिशवीचा रिपोर्ट विचारला. तो आणलेला नव्हता. चिरंजीव दौऱ्यावर, म्हणून दुसऱ्या दिवशी मीच काकूंना घेऊन लॅबमध्ये गेलो. पहिल्या दिवशी पावती सापडली नाही, दुसऱ्या दिवशी सही करणारे डॉक्टर नव्हते, तिसऱ्या दिवशी कागद मिळाला. तेथेच बाकावर बसून मी तो शेवटच्या ओळीपासून पहिल्या ओळीपर्यंत दोनदा वाचला. जुनी सूज, बाकी काही नाही. काकूंना मराठीत अर्थ सांगितला.

"एवढ्या दोन ओळींसाठी मला तीन दिवस हा जिना चढायला लावलात होय?" त्या म्हणाल्या, आणि रागावून पुढे चालू लागल्या. फाईल मी हातात घेऊन त्यांच्या मागून उतरलो.